राणीने ओ दिली नाही

एका राज्यात शापित खजिना होता. राजा हेमांगदाने, सगळ्यांनी बजावले असतानाही, त्यातला मुकुट डोक्यावर चढवला. तत्क्षणी त्याची पावले दगडाची झाली आणि दगड वर चढू लागला.

राणी मृणालवती धावत बागेत गेली. तिथे खजिन्याला शाप देणाऱ्या जादूगाराचा जुना पोपट राहत असे. त्याला शापही ठाऊक होता, उताराही.

"उतारा तीन शब्दांचा, राणीसाहेब," पोपट म्हणाला. "एकदाच सांगेन. सांगितला की माझ्याही मनातून जातो. लिहाल तर अक्षरे जळतील. राजाच्या कानात याच क्रमाने म्हणा: जवस, गारगोटी, अबोली."

राणी मागे फिरली. जवस, गारगोटी, अबोली. वाटेत तीन दालने होती.

पहिल्या दालनात राजाची हाक आली. "राणी, या क्षणी इकडे या. आमची आज्ञा आहे!"

दगड कमरेशी आला होता. राणीने ओ दिली नाही. असे आजवर कधी घडले नव्हते.

दुसऱ्या दालनात पुन्हा हाक आली. "पोपटाशी गप्पा रंगल्या वाटते? आमचा पुतळा होणारच असेल, तर नाक तेवढे सरळ करून घ्या."

राणीला हसू फुटले आणि मधला शब्द निसटला. जवस... अबोली. मधे नुसती पोकळी. ती शोधू लागली, तर अबोलीही विरू लागली. थांबावे, तर दगड थांबत नव्हता. धावावे, तर शब्द सांडत होते. तिने डोळे मिटले आणि पोपटाच्याच चालीवर पहिल्यापासून म्हटले. पोकळी. पुन्हा म्हटले. पोकळीच. पुन्हा म्हटले आणि जीभ आपण होऊन वळली: गारगोटी.

तिसऱ्या दालनात हाक क्षीण आली. दगड राजाच्या गळ्याशी पोचला होता.

"मृणाल, मला भीती वाटते. नुसते 'आहे' म्हण."

एकच शब्द. पण मनात चौथ्या शब्दाला जागा नव्हती. डोळे वाहत होते, ओठ पुटपुटत होते. राणी तशीच चालत राहिली.

राजाचे ओठ दगडाचे झाले, तेव्हा ती त्याच्या कानाशी पोचली. तिने तीन शब्द म्हटले. दगड तडकून गळून पडला. मुकुटाची वाळू झाली.

"तीनदा हाक मारली," राजा म्हणाला. "एकदाही ओ नाही."

"ओ दिली असती महाराज, तर ती ऐकायला तुम्ही उरला नसता."

खजिन्याचे दार चिणून टाकण्यात आले. आणि त्या दरबारात कोणी मनाशी पुटपुटत येताना दिसला, की भालदार ललकारी आवरतात आणि राजा स्वतः बाजूला होऊन वाट देतो.