दुर्पी कांडपीण आणि सातसडी तांदूळ

आमच्या कुडवळ्यात गिरणीचा पट्टा फिरायला लागला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. किती आधीची, ते नेमकं कुणाला सांगता येत नाही. चार घरी विचारलं, तर चौघींनी आपापल्या आजेसासूचं नाव घेतलं आणि तिच्याही आधीची म्हणाल्या. तेव्हा आपण आपलं फार जुनी म्हणायचं आणि पुढं जायचं.

तर तेव्हा गावात दुर्पी नावाची कांडपीण होती. घरोघरी जाऊन उखळात भात कांडायचा आणि तांदूळ करून द्यायचा, हे तिचं काम. नवरा खाडीत बुडून गेलेला, पदरात चार पोरं. तिच्या हातात एवढं बळ होतं की वरच्या आळीत तिचं मुसळ पडलं की खालच्या आळीतली मडकी थरथरायची, असं म्हणतात.

भात पहिल्यांदा कांडला की वरचं तूस उडतं आणि लालसर तांदूळ हाती येतो. ती एक सड. पुढच्या सडींना तांदळाची लाल साल सुटत जाते, तो कोंडा. गावात दोन सडींचा तांदूळ खायचे, सणाला तीन. जो मूठपसा कोंडा निघे तीच दुर्पीची मजुरी. ती तो ओच्यात बांधून न्यायची आणि पोरांना त्याच्या भाकऱ्या थापून घालायची. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ना, ते तिच्या चुलीवर रोजचंच होतं.

एकदा काय झालं, खोतांच्या घरी खाडीपलीकडची विहीण जेवायला आली. पानात भात पडला तशी तो बोटानं चिवडत ती म्हणाली, "विहीणबाई, घाईत तांदूळ धुवायचा राहिला वाटतं."

खोतीणबाई हसल्या, पण बोलणं त्यांना लागलं. विहीण होडीत बसली आणि इकडे दुर्पीला बोलावणं गेलं.

"उद्यापासून सात सडी काढायच्या. मोगऱ्याच्या कळीसारखा तांदूळ पाहिजे मला."

"सात सडींनी तांदळात राहील काय, बाईसाहेब?"

"पांढरेपणा राहील. आणि तुझं गो काय जातंय? कोंडा दुप्पट मिळेल."

ते खरं होतं. दुर्पीनं मुसळ उचललं.

खोतांच्या घरी आज शिजतं ते महिन्याभरात गावात शिजतं, ही आमच्याकडची जुनी खोड. बघता बघता सगळं गाव सातसडीवर गेलं. लाल भात वाढला तर सोयरीक मोडेल, अशी वेळ आली. बायका तो पांढरा तांदूळ आणखी सात पाण्यांनी धुवायच्या, पेज निथळून म्हशीपुढं ठेवायच्या आणि मोकळा मोकळा भात पानात वाढायच्या. पावसात मासळी नाही, भाजी नाही, भातावर भात.

असे चार पावसाळे गेले. गावातल्या म्हशी तुकतुकीत झाल्या आणि माणसं फिकी पडली. आधी पायांना मुंग्या यायच्या, मग पाय सुजायचे. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. नांगर धरणारे गडी बांधावर बसून राहू लागले. आमच्या बोलण्यात तांदूळ कांडून साफ करण्याला सडणं म्हणतात आणि कुजण्यालाही सडणंच. तांदूळ सडता सडता गाव सडलं, असं जुन्या बायका अजून म्हणतात.

खोतांची सून सुभद्रा. तिची दोन बाळं या दिवसांत गेली. दोन महिने बाळ चांगलं असायचं, मग त्याचा आवाज जायचा. तोंड उघडून रडायचं, पण ऐकू काही यायचं नाही, आणि चार दिवसांत संपायचं. बाळंतीण म्हणून सुभद्रेच्या पानात गावातला सगळ्यांत पांढरा भात पडायचा. डाळ, पाला वातूळ म्हणून बंद. तिसरं बाळ झालं, मुलगी. दोन महिने झाले आणि तिचाही आवाज बसला.

हे घरातलंच काही आहे का, म्हणून खोतांनी देवळात कौल लावला. धोंडू गुरवानं देवीला पाकळ्या लावल्या, त्यातली डावी पडली, म्हणजे कौल नकाराचा. "घरातलं नव्हे, बाहेरून झालेलं आहे," धोंडू म्हणाला. मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांचे पाय सुजलेले, दुर्पीची चार पोरं मात्र हरणासारखी कडा चढत होती.

"तिचं मुसळ सगळ्यांच्या उखळात पडतं," कुणीतरी म्हणालं.

तेवढं पुरलं. संध्याकाळच्या भरतीला दुर्पीला पोरांसकट होडीत घालून खाडीपार सोडायचं ठरलं.

खोतीणबाईंनी तिला देवळासमोर उभं करून विचारलं, "दुर्पे, तांदळात काय घातलंस?"

"घातलं काही नाही," दुर्पी म्हणाली. "काढलं मात्र. तुम्ही सांगितलंत तेवढं काढलं."

"मग तुझी पोरं कशी धड?"

"तुम्ही काढायला लावता ते माझी पोरं खातात."

दुर्पी पुढं म्हणाली, "तीन दिवस होडी थांबवा. सूनबाईंना माझ्या घरचं खाऊ द्या, ते दुधातून पोरीला पोचेल. पोर रडली नाही, तर माझी मी जाईन."

"गुरांचं खाणं? खोतांच्या सुनेनं?"

"तुमची गुरं बघा की जरा, बाईसाहेब."

कट्ट्यावरचा एक म्हातारा फिस्सकन हसला. खोतीणबाई त्याच्यावर डोळे वटारत होत्या, तेवढ्यात सुभद्रा उठली. मुलीला खांद्याला लावून, सुजल्या पायांनी भिंत धरत ती दुर्पीच्या झोपडीकडे चालायला लागली. तिला कुणी अडवलं नाही.

दुर्पीनं तिला कोंड्याची भाकरी दिली, एका सडीच्या लाल तांदळाची पेज दिली, कुळथाचं पिठलं दिलं, शेवग्याचा पाला शिजवून घातला. मंत्र नाही, अंगारा नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मुलगी रडली. ती अशी रडली, की खाडीच्या मध्यावर गेलेली कुणाची तरी होडी मागं फिरली आणि पलीकडच्या विहिणीच्या फडताळातली भांडी खणखणली, असं म्हणतात. खरं-खोटं त्या खाडीला माहीत.

मग गाव कोंड्यासाठी ओंजळी पसरून दुर्पीच्या दारात आलं. ती म्हणाली, "कोंडा आता तुमचा तुम्ही खा. माझी मजुरी तांदळात द्या." शिमग्याला गडी पुन्हा नाचले. खोतीणबाईंनी तिची माफी मागितली की नाही, यावर दोन मतं आहेत. खोतांच्या घरचे म्हणतात, मागितली. खालची आळी म्हणते, नुसतं लुगडं दिलं.

दुर्पी मेली असं आमच्याकडे सांगत नाहीत. एका सकाळी तिनं मुसळ उचललं ते खाली आलंच नाही, तिला घेऊन वर गेलं, असं म्हणतात.

आता गिरणी आहे, आणि तांदूळ हवा तेवढा शुभ्र मिळतो. पण बाळंतिणीच्या घरचं पोतं आलं की आणणारा नुसतं "दुर्पीची सड" म्हणतो. गिरणीवाला मग भात एकदाच फिरवतो आणि पट्टा उतरवतो. बाराव्या दिवशी तो लाल भात पेजेसकट सासूनं स्वतःच्या हातानं वाढायचा. सून जेवून उठेपर्यंत सासू तिच्यासमोर बसून राहते, आणि तेवढा वेळ बाळ कितीही रडलं तरी त्याला कुणी गप्प करत नाही.