पाचांची पाळ

बसा, पण एका ठिकाणी पाचच बसा. तुम्ही आठजण आहात, तर तिघांनी पलीकडच्या दगडांवर बसावं. रागावू नका, इथे पाहुण्यांनाही हाच नियम. तलावाच्या या पाळीवर, म्हणजे या मातीच्या बांधावर, वीस ठिकाणी असे दगड मांडलेले दिसतील. प्रत्येक ठिकाणी पाच. सहावा दगड कोणी ठेवत नाही. मी या तलावाचा पाणकर. धानाच्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाणी वाटून देणं हे आमच्या घराण्याचं काम. माझ्या आजानं मला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

फार मागची गोष्ट. गावात तेव्हा शंभर घरं होती, असं सांगतात. झाडीचा मुलूख; पोट सगळं धानावर आणि धान पाण्यावर. डोमाजी पाटलानं हा तलाव बांधायला घेतला. पाळ कुठून न्यायची, किती रुंद करायची, हे पाटील आणि त्याचा धाकटा भाऊ अशा दोघांनीच ठरवलं. भाऊ पाटलाच्या शब्दाबाहेर नव्हता, तेव्हा दोघं म्हणजे एकच. भर श्रावणात पाळ फुटली आणि खालची सगळी रोवणी वाहून गेली.

दुसऱ्या वर्षी पाटील शहाणा झाला. घरटी एक अशी शंभर माणसं त्यानं मोहाच्या झाडाखाली बोलावली. सभा सकाळी बसली ती दिवस कलला तरी उठेना. उरकुडा नावाचा एक गडी होता. त्याचा आवाज शेजारच्या गावात ऐकू जायचा म्हणे. तो म्हणाला, "पाळीवर आणखी माती टाका." दहा जणांनी त्याची री ओढली, बाकीचे उन्हानं कंटाळले होते. तेच ठरलं. गावानं उन्हाळाभर डोक्यावरून माती वाहिली, आणि श्रावणात पाळ पुन्हा त्याच जागी फुटली.

तिसऱ्या सभेत राग होता, आणि रागाच्या खाली भीती होती. आणखी एक साल असं गेलं तर गाव उठणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "तलावाला माणूस हवं आहे." कोण म्हणालं ते आजवर कळलेलं नाही. मागून दुसरा म्हणाला, "ज्याचा तलाव, त्याच्या घरची लेक द्यावी." सभा गप्प झाली. नाही असं कोणी म्हणालं नाही, तेव्हा सगळ्यांचं हो आहे, असं प्रत्येकानं मनाशी धरलं. पाटलाच्या घरी लेक नव्हती, सून होती. भागरता तिचं नाव, वय एकोणीस. तिचा नवरा सदाशिव त्याच सभेत खाली मान घालून बसला होता.

पाटील घरी आला तेव्हा भागरता अंगणात धान पाखडत होती. त्यानं कसंबसं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मामाजी, तुम्हाला हे पटतं?"

"मला एकट्याला पटून न पटून काय होतं? गावाचं ठरलं."

"गावातल्या कोणाला पटतं, ते तरी विचारलंत?"

पाटील तिच्याकडे न बघता आत गेला.

ती रडली नाही असं लोक सांगतात. माझा आजा म्हणायचा, रडली असेल, का नाही रडणार. पण ठरल्या दिवशी ती आपल्या पायांनी पाळीवर आली आणि सगळ्यांसमोर उभी राहून बोलली.

"जीव देते. पण शंभर तोंडांनी मागितलेला देणार नाही. शंभरांत कोण मागतो ते दिसत नाही. आम्ही बाया रोवणीला एका बांधीत पाचजणी उतरतो. तीस उतरल्या तर कोण रोवते आणि कोण नुसती गाण्यात सूर मिळवते, ते कळत नाही. दोघीच उतरल्या तर एकीची ओळ वाकडी गेली की दुसरीचीही जाते. पाचांत कोणाला लपता येत नाही. तुम्ही पण पाच-पाच बसा, एकमेकांचं ऐकू येणार नाही इतक्या लांब. प्रत्येकाचं एकदा बोलून झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. मग या आणि माझा जीव मागा."

मरणाऱ्याची शेवटची इच्छा म्हणून गावानं ते मानलं. पाटलानं भाऊबंद वेगळे पाडून पाच-पाचांचे वीस जथे केले. बसायला लोकांनी मिळतील ते दगड ओढले.

पहिला जथा परत आला. "आमच्यात कोणालाच नको," त्यांनी सांगितलं. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्यातला म्हातारा पुढे झाला. "आमच्यात एकाला बळी हवा होता. बाकी सगळ्यांना हवा आहे असं वाटलं, म्हणून त्यालाही हवा होता." विसावा जथा आला तोवर शंभरांत बळी मागणारे अवघे तीन निघाले, आणि तेही मान वर करेनात. सदाशिव तिथेच मातीत बसून ढसाढसा रडला म्हणे.

भागरता म्हणाली, "आता परत जाऊन बसा, आणि पाळ का फुटते ते सांगा."

उरकुडा ज्या जथ्यात होता त्यात ठकूबाई होती. खेकडे-मासे धरून पोट भरणारी विधवा. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती सभेला यायची, पण शंभरांपुढे तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. आता तिची पाळी आली. ती हळूच म्हणाली, "माघात सगळं कोरडं पडतं. पण पाळ फुटते त्या जागी हातभर उकरलं की पाणी लागतं. मी खेकडे तिथंच धरते."

उरकुडा तिच्याकडे वळला. "हे तू सभेत का नाही सांगितलंस, ठकूबाई?"

"तुम्ही थांबला असतात का?"

तो उठला आणि तिचा शब्दन् शब्द त्यानं आपल्या त्या आवाजात पाळभर ऐकवला. तेवढ्यात दुसऱ्या जथ्यातून एक धनगर आला; त्यानंही आपल्या जथ्यात तीच जागा सांगितली होती. त्या जागेवरून पूर्वी नाला वाहायचा, असं त्याचा बाप सांगत असे. तिसऱ्या जथ्यातल्या एकाच्या कुदळीला तिथंच वाळू लागली होती. उरकुड्याच्या हाकेआधी कोणी कोणाचं ऐकलेलं नव्हतं, तरी सगळ्यांचं बोट एकाच जागेवर.

गावानं ती जागा खणली. दोन पुरुष खोल नुसती वाळू. पाळ जुन्या नाल्यावर उभी होती, आणि वाळूतून झिरपणारं पाणी तिला खालून पोखरत होतं. वाळू उपसली, काळी चिकणमाती भरली, बैल फिरवून ती तुडवली. दुसऱ्या टोकाला खडक फोडून जादा पाण्याला सांडवा काढला. श्रावणात चार दिवस धार तुटली नाही. पाणी पाळीच्या काठाला टेकलं, सगळं गाव श्वास धरून उभं राहिलं, आणि पाणी वळलं. सांडव्यावरून धो धो कोसळू लागलं. पाळ तसूभर हलली नाही. डफ वाजले, म्हातारे नाचले, आणि जिथे भागरतेला पुरणार होते त्या जागेवरून ती ताठ मानेनं चालत या टोकापासून त्या टोकाला गेली.

पुढे गावानं तिचं देऊळ बांधायचं काढलं. पाचांच्या बैठकीत ते बारगळलं, कारण त्या पाचांत ती स्वतः बसली होती. नको म्हणाली. म्हातारी होऊन, नातवंडं-पतवंडं बघून गेली.

पाळ त्यानंतर फुटली नाही. गावापुढे जड प्रश्न आला की आम्ही अजून याच दगडांवर बसतो. सरपंचही वाट्याला येईल त्या दगडावर बसतो आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प राहतो. आणि आजही श्रावणात सांडवा वाहू लागला की गावातल्या सगळ्या सुना डफाच्या तालावर या पाळीवरून चालत जातात. त्या साली लग्न होऊन आलेली सून सगळ्यांच्या पुढे असते, आणि सासरे बाजूला होऊन तिला वाट देतात.