शेवटच्या वळणापर्यंतची शर्यत

कुणाच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, एका डोंगरी राज्यात एक चितारी राहत होता. लहानांनो, नीट ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

त्या राज्यात दरवर्षी जत्रेत सावल्यांचे खेळ होत. पुढे पांढरा पडदा, मागे मोठा दिवा आणि मध्ये पातळ कातड्यावर रंगवलेली चित्रं. कातडं राजाच्या कोठारातून मिळायचं, आणि त्याची एक रीत होती. खेळ पडला, तर चित्रं खरवडून ते कातडं दुसऱ्या चिताऱ्याला द्यायचं. पण जत्रा संपायच्या आत कुणी एकाने जरी "पुन्हा दाखवा" म्हटलं, तर त्या चित्रांना हात लावायचा नाही.

बाकीचे चितारी शहाणे होते. एक घोडा रंगवायचा, काठीला बांधायचा आणि नाचवायचा. घोडा पळाला असं गाणाऱ्याने सांगितलं, की लोक म्हणत, पळाला बुवा. झालं काम!

आमच्या या बाबाच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. त्याला रथांची शर्यत दाखवायची होती आणि घोडे खरोखर पळवायचे होते. टाप उचलली, एक चित्र. टाप टेकली, दुसरं. आयाळ उडाली, तिसरं. अशी ढीगभर चित्रं दिव्यापुढून भराभर सरकवली, की पडद्यावर रथ धावलेच पाहिजेत!

"अहो, पण एवढी चित्रं काढणार कोण?" बायकोने विचारलं.

"मी."

"आणि संपणार कधी?"

पण तो तोवर पुढची टाप काढायला बसलाही होता.

वर्षं गेली. दर जत्रेआधी कोठाराचे कारभारी दारात हजर. "काय रे, झालं का?"

"होत आलंय, कारभारी."

ते गेले की चितारी पुन्हा पहिल्या चित्रापासून तपासायला बसायचा. चाक फिरल्यासारखं वाटेल ना? धूळ धुळीसारखी दिसेल ना? चांगलं जमलेलं चित्रही तो पुन्हा काढायचा. जेवायला बसला तरी त्याचं बोट आमटीत रथ काढायचं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायको रंग वाटून वाटून थकली, पण सोडून द्या असं काही म्हणाली नाही.

शेवटी कारभाऱ्यांनी बजावलं, "या जत्रेला खेळ झाला नाही, तर सगळं कातडं परत." तेव्हा कुठे बाबाने कुंचला खाली ठेवला.

जत्रेची पहिली संध्याकाळ. अंगण गच्च भरलं. पडद्यामागे नवराबायको चित्रं सरकवू लागले आणि काय सांगू, रथ धावले! दगड उडाले, आसूड कडाडले, एक रथ तर वळणावर एकाच चाकावर आला.

पण असं बघायची सवय होती कुणाला?

"अगं बाई, मला गरगरतंय," म्हणत एका आजीने डोळे मिटले.

"पळतायत ते ठीक, पण गोष्ट कुठाय? कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा वैरी?" एक जण कुरकुरला.

"देव नाही, राक्षस नाही, नुसती धूळ!" म्हणत दुसरा उठला. त्याच्यामागे त्याची आळी उठली, मग शेजारची आळी उठली.

चिताऱ्याला पडद्यामागून दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. वहाणांची फटफट वाढत चालली. चित्रं सरकवता सरकवता तो अडखळला.

"थांबू नका," बायको पुटपुटली.

शर्यत संपली. त्याने डोकावून पाहिलं. नुसत्या चटया पडल्या होत्या. पुढच्या रांगेत तेवढा एक गाडीवान आणि एक कुंभारीण बसून होती.

गाडीवान धावतच आत आला. "दादा, पुन्हा दाखवा! उद्या दाखवा, परवा दाखवा, मी येतो!"

चिताऱ्याला वाटलं, हा माझी कीव करतोय. त्याने पाठ फिरवली.

"अहो, त्याने मागितलंय," बायको म्हणाली. "रीत विसरलात का?"

"एका गाडीवानाने मागितलंय, तेही कीव येऊन! ते कोण धरणार? सगळं गाव उठून गेलं ते दिसलं नाही तुला?"

आता कारभारी येणार, चारचौघांत चित्रं खरवडणार, लोक हसणार. या भीतीने त्याला झोप कसली येते! उजाडताच त्याने ढिगाचा वरचा भाग उचलला, नदीवर नेला, भिजवला आणि स्वतःच्या हाताने खरवडायला बसला. खेळ संपल्यावर शेवटची चित्रं ढिगात सर्वांत वर राहिली होती, तीच आधी गेली.

कारभारी हाका मारत नदीवर पोचले. "अरे करंट्या, हे काय केलंस? तो गाडीवान रात्रीच माझ्याकडे येऊन 'पुन्हा दाखवा' म्हणून गेला. चित्रं तुझ्याकडेच राहणार, हे सांगायला आलो होतो मी!"

चिताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातल्या कातड्यावर नुसता एक ओला डाग उरला होता.

पुढे गाडीवानाने मुक्कामामुक्कामाला त्या शर्यतीचं वर्णन केलं. कुंभारणीने बाजारात केलं. ऐकणाऱ्यांना चैन पडेना. पुढच्या जत्रेला डोंगरापलीकडच्या राज्यांतून गाड्या भरभरून लोक आले.

चिताऱ्याने गेलेली चित्रं पुन्हा काढायचा वर्षभर प्रयत्न केला होता. पण इतक्या वर्षांच्या कामाने डोळे थकले होते. नवा घोडा काही केल्या पळेना. मग उरलं होतं तेवढंच त्याने दाखवलं.

या वेळी कुणी जागचं हललं नाही. रथ शेवटच्या वळणावर आले, एकमेकांना भिडले, आणि पडदा पांढरा झाला.

लोक वाट बघत बसून राहिले. दूरदेशीच्या एका बाईने विचारलं, "मग जिंकलं कोण?"

चितारी बाहेर आला. त्याने हात जोडले. "ते मी काढलं होतं," तो म्हणाला, "आणि मीच खरवडलं." एवढं बोलून तो सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

ऐकणाऱ्यांनो, एवढं मनात धरा: उठून गेलेल्यांच्या धसक्याने, बसून राहिलेल्यांकडे पाठ फिरवू नये.