पिसांची माशी

ऐका, लहानांनो आणि थोरांनो. फार जुन्या काळी बर्फाच्या डोंगरांखाली, एका नदीकाठी एक मासेमार राहत असे. निरोप आला तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. बायको अंगणात सरपण रचत होती आणि तो उन्हात बसून गळ घासत होता.

पलीकडच्या खोऱ्यातून एक मेंढपाळ आला. म्हणाला, "तुझी बहीण अंथरुणाला खिळली आहे. अन्नावरची वासना गेली आहे. म्हणते, माहेरच्या नदीतला मासा मिळाला तर दोन घास खाईन. लहानसा असला तरी चालेल, पण लवकर आण."

त्या मुलखात रीत होती, की आजारी बहिणीने मागितलेला मासा भावानेच धरायचा.

हेमंत लागला होता. नदीतले ठिपक्यांचे ट्राउट मासे गारठून तळाशी गेले होते. भर दुपारी ऊन पाण्यात उतरले, की तेवढा वेळ ते वर येत. त्यांना धरण्यासाठी तिथले लोक गळावर पिसे आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी बांधत.

या मासेमाराचा त्यात हातखंडा होता. त्याने मनाशी ठरवले, की बहिणीला लहानसा मासा नेणे बरे दिसत नाही. डोहातला सगळ्यात मोठा न्यायचा. पण तो मासा हुशार. त्याला फसवायला माशी हुबेहूब हवी.

तो माशी बांधायला बसला. ऊन आले आणि गेले.

"अहो, झाली का?" बायकोने विचारले.

"पंख जरा जाड झालेत."

दुसऱ्या दिवशी पंख जमले, तर रंग पटेना. त्याने सगळे उसवले.

"मासा काय काठपदर बघून गळाला लागणार आहे?" बायको कावली. "ऊन आहे तोवर काठाशी वीत-वीतभर मासे उड्या मारताहेत. त्यातला एक धरा आणि निघा!"

"तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. वन्सं वाट बघताहेत, एवढं कळतं. द्या ती गळाची काठी, मी टाकते."

"रीत मोडू? भावानेच धरायचा असतो."

"मग धरा ना! की आधी माशीचं बारसं करायचंय?"

तो हसलासुद्धा नाही. एकेक दुपार अशीच गेली. बायकोने वाटेसाठी शिदोरी बांधली, शिळी झाली म्हणून सोडली, पुन्हा बांधली. शेवटी तिने विचारणेच सोडले.

एका सकाळी माशी तयार झाली. खऱ्या माशीशेजारी ठेवली तरी ओळखू आली नसती. तो काठी घेऊन नदीवर धावला. नदी काठापासून काठापर्यंत गोठली होती.

तो बर्फावर दगड घालत असताना मेंढपाळ मागे येऊन उभा राहिला. या वेळी त्याच्याजवळ निरोप नव्हता.

"काही म्हणाली का?" मासेमाराने वळून न पाहता विचारले.

"नाही. शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून निजायची."

लक्षात ठेवा: मागणाऱ्याला साधेच द्यावे, पण वेळेवर द्यावे, उशिरा आणलेले उत्तम कोणाच्याच पोटात जात नाही.

पुढे बर्फ वितळला, नदी वाहू लागली. ती माशी त्याच्या पागोट्यात खोचलेली होती. त्याने ती पाण्यात कधीच टाकली नाही.