अंगणातल्या फरशीखाली

फार फार पूर्वी, ज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राजाच्या राज्यात, नदीच्या वळणावर एक गाव होते. एके दिवशी सकाळी त्या गावात सुभाना नावाचा रंगारी बायकोला घेऊन आला. त्याच्या बैलगाडीत तांब्याच्या दोन कढया होत्या, चार रांजण होते, हिरड्याची पोती होती आणि सगळ्यावर घोंगडी झाकलेली होती.

राजाच्या पायदळाची मुंडाशी काळी रंगवायचे काम सुभानाला मिळाले होते. एवढे मोठे काम त्याच्या बापजाद्यांनीही कधी केले नव्हते. दसऱ्याच्या आत ते पुरे व्हायला हवे होते, आणि त्यासाठी आधी राहायला घर हवे होते.

आदल्याच दिवशी शेजारच्या गावात एकाने त्याला घर दाखवले होते. पण धंदा विचारला आणि "रंगारी" हा शब्द ऐकला, तसे त्या माणसाने पुन्हा कडी घातली. "भिंती डागाळतात, वास मारतो, अंगणात चिखल होतो," असे तो आतूनच म्हणाला. ते सुभानाच्या मनाला फार लागले होते.

म्हणून या गावात म्हादबा सुताराने आपले रिकामे घर दाखवायला कुलूप काढले आणि "धंदा काय तुमचा?" असे विचारले, तेव्हा सुभानाने हात उपरण्याखाली घेतले. ते कोपरापर्यंत काळपट झालेले होते.

"कापडाचं काम आहे," तो म्हणाला.

ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. त्याची बायको कोंडा त्याच्याकडे पाहत राहिली.

घर चांगले होते. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे उन्हाचे मोकळे अंगण. म्हादबाने आपल्या हाताने दारे घडवली होती आणि प्रत्येक दार उघडून मिटून दाखवताना त्याला अभिमान वाटत होता. मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात जमिनीत एक मोठी फरशी होती. तिच्यापाशी येताच म्हादबा भराभर वळला आणि ओट्याच्या लाकडाविषयी बोलू लागला.

कोंडाने नवऱ्याला हळूच बाजूला घेतले. "अहो, विचारा की. पाणी कुठून भरायचं, सांडपाणी कुठं सोडायचं, पावसात कुठली भिंत गळते. आणि आपलं काम काय ते नीट सांगून टाका. राहायला आल्यावर कसं विचारणार?"

"एवढं विचारलं तर म्हणेल, हे भाडेकरू किरकिरे दिसतात," सुभाना पुटपुटला. "घर हातचं जाईल."

तिकडे म्हादबाच्याही मनात असेच काहीसे चालले होते. पण ते नंतर कळले. त्या वेळी दोघेही गोड हसले, भाडे ठरले, किल्ली या हातातून त्या हातात गेली आणि घोंगडीखाली झाकूनच सामान आत गेले.

दुसऱ्याच दिवशी सुभानाने कढया चढवल्या. आधी हिरड्याचा काढा, मग हिराकसाचे, म्हणजे लोखंडाच्या खाराचे, पाणी. दोन्हींतून कापड फिरले की त्याच्यावर असा काळा रंग चढायचा, की दहा पावसाळे गेले तरी उतरू नये. पण हे काम पाणी फार खाते. संध्याकाळपर्यंत चार रांजण हिराकसाचे पाणी उरले आणि ते कुठे ओतायचे हे त्याला कळेना. पुढे ओतावे तर आळीला दिसणार. मागे ओतावे तर चिखल होणार.

त्याने कोपऱ्यातली फरशी पहार घालून उचलली. खाली एक खोल खड्डा होता. त्याने भीत भीत एक घागर ओतली. पाणी गट्‌कन आवाज करून नाहीसे झाले. मग दुसरी ओतली, तिसरी ओतली. चारही रांजण त्या खड्ड्याने पिऊन टाकले आणि तळ पुन्हा कोरडा दिसू लागला.

सुभानाला आधी आनंद झाला. मग त्याच्या मनात आले, एवढे पाणी जाते तरी कुठे?

तेव्हापासून त्याला चैन पडेना. रोज तो पाणी ओतायचा, रोज वाकून ऐकायचा. खोल कुठेतरी थेंब पडत असल्याचा आवाज यायचा. दारावर थाप पडली की त्याच्या हातातली काठी कढईत पडायची. म्हादबा रस्त्याने जाताना दिसला की तो चिंच आणि राख घेऊन बोटे घासत बसायचा. एरवी रंगात काम करताना तो गुणगुणायचा, ते बंद झाले.

"जा ना, विचारून या," कोंडा म्हणायची. "त्या फरशीखाली काय आहे, एवढंच तर विचारायचंय."

"आता विचारलं तर म्हणेल, तुला ते कशाला हवं? मग सगळंच सांगावं लागेल. हे काम होऊ दे, मग सांगतो."

पंधरा दिवस झाले. अर्धी मुंडाशी दोरीवर चढली होती.

कुंपणापलीकडे धुरपाबाई नावाची सुईण राहायची. गावातली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मली होती. आता तिची स्वतःची लेक, चंपा, बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली तेव्हा धुरपाबाईने कुंपणावरून कोंडाला गूळ दिला होता आणि सुभानालाही हाक मारून सांगितले होते, "नात झाली रे, बाबा!"

पण चार दिवसांनी धुरपाबाई कुंपणाशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"चंपाच्या पोटात कळा येतात," ती कोंडाला सांगत होती. "खाल्लेलं ठरत नाही. बाळ दूध ओढत नाही, नुसतं किरकिरतंय. एवढी बाळंतपणं केली, असं कधी झालं नाही."

सुभाना मागे कापड पिळत होता. त्याचे हात थांबले.

"आणि एक सांगू का?" धुरपाबाईचा आवाज खाली गेला. "बाळगुटीसाठी हिरडा उगाळते ना, तर सहाण काळी पडते. काजळासारखी. तीच सहाण, तोच हिरडा, आपल्याच विहिरीचं पाणी. मला वाटतं माझा हातच गेला, बाई. माझ्या हातात काहीतरी वाईट शिरलंय. उद्यापासून कुणाच्या बाळाला शिवायचं नाही, असं ठरवलंय मी."

ती पदर डोळ्यांना लावून निघून गेली.

कोंडाला यातले काही कळले नाही. पण सुभानाला कळले. त्याने आयुष्यभर तेच तर केले होते. ज्या पाण्यात हिराकस असतो, त्यात हिरडा पडला की पाणी काळे होते. दुसऱ्या कशाने होत नाही. फरशीखालचे पाणी कुठे जात होते, ते आता त्याला कुणाला विचारायची गरज उरली नाही.

 तो भिंतीला टेकून खाली बसला.

आणि तेवढ्यात त्याच्या मनाने एक वाट काढली. आजपासून पाणी नदीपलीकडे नेऊन ओतावे. फरशी बसवून वर माती पसरावी. आठ-दहा दिवसांत विहीर आपोआप निवळेल, कुणाला पत्ता लागणार नाही. घर राहील, काम राहील.

पण तोवर ते पाणी कोण पिणार? तो उठला, घरात गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. पिळायला घेतलेले मुंडासे त्याच्या हातात तसेच होते आणि त्यातून घरभर काळे थेंब गळत होते.

"अहो, झालंय तरी काय?" कोंडाने विचारले.

तो उत्तर देणार, एवढ्यात पलीकडून रहाटाचा आवाज आला. धुरपाबाई लेकीसाठी पाणी काढत होती.

सुभाना कुंपण ओलांडून धावला. काटे लागले, धोतर फाटले. धुरपाबाई भरलेला तांब्या घेऊन आत चालली होती. त्याने तो तिच्या हातातून हिसकावला आणि पाणी जमिनीवर ओतून दिले.

"हे पाणी देऊ नका, मावशी! तुमच्या हातात काही वाईट शिरलेलं नाही. वाईट माझ्या घरून आलंय."

आणि त्याने आपले काळे हात तिच्यासमोर धरले.

धुरपाबाईने सगळे ऐकले. ती ओरडली नाही. तिने आधी कोंडाला हाक मारून नदीचे पाणी आणायला पाठवले, ते उकळून चंपाला पाजले, सहाण धुतली, नव्याने गुटी उगाळली. या वेळी सहाण काळी पडली नाही. मग ती ओट्यावर आली आणि सुभानाकडे न पाहता म्हणाली, "आता म्हादबाला बोलव."

म्हादबा सुभानाच्या मागच्या अंगणात आला. फरशी बाजूला पडलेली पाहताच त्याची मान खाली गेली.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "तिथं मी विहीर खणायला घेतली होती. खडकात एक भेग लागली. वर ओतलेलं पाणी धुरपाबाईच्या विहिरीत उतरतं, हे एका पावसाळ्यात कळलं, म्हणून फरशी टाकली."

"मग मला सांगितलं का नाहीत?" सुभाना जवळजवळ रडत म्हणाला.

"सांडपाण्याला वाट नाही, असं कळलं असतं तर तू घर घेतलं असतंस का? आणि मला वाटलं, कापडाच्या व्यापाऱ्याला पाणी लागतंय किती! तू रंगारी आहेस हे तू सांगितलंस का मला?"



धुरपाबाई म्हणाली, "तू एक लपवलंस, त्यानं एक लपवलं. आणि माझी पोर मात्र चार दिवस अंथरुणात तळमळली. मी माझ्याच हातांना शिव्या देत बसले."

म्हादबा उठून मोटेसाठी बैल आणायला गेला.

चार दिवस मोट चालवून सुभानाने आणि म्हादबाने ती विहीर उपसली. खड्ड्यातली भेग चिकणमाती आणि चुन्याने ठासून बंद केली. रोज सकाळी सुभाना नदीवरून घागरी भरून धुरपाबाईच्या दारात ठेवायचा आणि आतून बाळाचा आवाज येतोय का ते ऐकायचा. पाचव्या दिवशी बाळ खणखणीत रडले. चंपा ओट्यावर येऊन बसली, भात खाऊ लागली. त्या दिवशी सुभानाला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

पण या सगळ्यात, आणि सांडपाण्याला वाट उरली नसल्याने, कढया थंड राहिल्या. दसरा आला तेव्हा मुंडाशी अर्धीच झाली होती. राजाच्या कारभाऱ्याने उरलेले कापड उचलून दुसऱ्या गावच्या रंगाऱ्याला दिले आणि पुन्हा कधी सुभानाचे नाव घेतले नाही.

सुभानाने सामान बांधायला घेतले, तेव्हा म्हादबा दारात येऊन उभा राहिला.

"नदीच्या खालच्या अंगाला, गावाच्या पुढे माझी एक पडवी आहे. राहण्यासारखी आहे. हवी तर देतो. पण या वेळी आधी मी बोलतो, मग तू बोल. आणि धुरपाबाईंना सोबत घेऊ, म्हणजे मागाहून कुणी शब्द फिरवायला नको."

तिघे आणि कोंडा मिळून तिथे गेले. म्हादबाने आपणहून सांगितले की मागची भिंत ओल धरते, दाराचे एक बिजागर सैल आहे आणि आढ्याला एका ठिकाणी वाळवी लागली होती. सुभानाने आपल्या कढया किती, धूर किती, पाणी किती, वास किती, ते सगळे सांगितले. कोंडाने तर एकेक कोनाडा हात घालून पाहिला. पाणी कुठून येणार, ते वापरून झाल्यावर कुठे जाणार, खाली कुणाचे शेत आहे, जनावरे कुठे पाणी पितात. मोडले तर दुरुस्त कुणी करायचे, घर सोडायचे झाले तर किती दिवस आधी सांगायचे. सांडपाण्यासाठी नदीपासून लांब, पडीक खडकाळीत एक चर खणायचा असे ठरले. यात सारी सकाळ गेली. दोनदा वाद झाला. एकदा तर म्हादबा चिडून निघूनच चालला होता, धुरपाबाईने त्याला परत बसवले.

सुभाना त्या पडवीत पुष्कळ वर्षे राहिला. मोठे काम त्याला पुन्हा मिळाले नाही, पण गावातल्या लुगड्यांना आणि पागोट्यांना तोच रंग देत असे.

धुरपाबाईची विहीर काही महिन्यांत आरशासारखी स्वच्छ झाली. ती स्वतः तिचे पाणी प्यायची. पण बाळंतिणीसाठी मात्र तिने ते पुन्हा कधी वापरले नाही. दर खेपेला कंबरेवर घागर घेऊन, वय झाले तरी, ती नदीपर्यंत चालत जायची. सुभाना धावत जाऊन म्हणायचा, "मावशी, द्या इकडे, मी आणतो." ती म्हणायची, "राहू दे, बाबा." त्यात राग नसायचा. पण ती घागर तिने त्याच्या हाती कधी दिली नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, यातून एवढेच घ्यावे: परक्या घरात राहायला जाताना आपले सगळे सांगावे आणि घराचे सगळे विचारावे, कारण संकोचाने आपण गिळलेला प्रश्न पुढे दुसऱ्याच कुणाच्या तरी घशाखाली उतरतो.