केरबाचं क्रेडिट कार्ड

एका बाजारगावात केरबा नावाचा एक भोळा कासार होता. भोळा म्हणजे किती? बायको ‘जरा थांबा’ म्हणाली, की तोंडाशी नेलेला घास तसाच धरून थांबायचा.

त्याला बँकेने क्रेडिट कार्ड दिलं. देताना बँकेतल्या तायवाडे बाईंनी बजावलं, “मोबाइलवर ओटीपीचे आकडे येतील. ते कुणालाही सांगायचे नाहीत.”

“नाही सांगणार,” केरबा म्हणाला.

कार्डावर त्याने बायकोसाठी, हौसासाठी, शिलाई मशीन मागवलं. आठ हजार चारशेचं. खोकं उघडलं तर आत तळहाताएवढं खेळण्यातलं मशीन.

“लहान आहे अजून,” केरबा म्हणाला. “वाढेल.”

हौसाने त्याला धरून बँकेत नेलं. बाईंनी तक्रार लिहून घेतली. “केरबाभाऊ, कार्डाने पैसे दिलेत ते बरं झालं. चौकशी करून परत मिळवता येतील. पण लक्षात ठेवा, मागवलं एक आणि दारात आलं दुसरंच, तर ठेवून घ्यायचं नाही. आल्या पावली परत पाठवायचं.”

केरबाने ते घरापर्यंत घोकलं.

पुढच्या आठवड्यात हौसाने पापड लाटायला आईला बोलावलं. आईचा गुडघा धरला, म्हणून तिने मुलाला, म्हसूला, धाडलं. खांद्यावर फणस घेऊन म्हसू दारात उभा. हौसा नेमकी गिरणीत गेलेली.

“रामराम दाजी!”

केरबाने त्याला खालून वर न्याहाळलं. “आम्ही सासूबाई मागवल्या होत्या.”

“तिचा गुडघा दुखतोय. म्हणून मी आलो.”

“तेच की. बदलून आलंय.”

केरबाने त्याला फणसासकट एसटीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, “नीट पोचवा. वापरलेला नाही.”

हौसा दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अहो, आशेने आलेल्या माणसाला असं लावून देतात का? काहीतरी हातावर ठेवावं.”

“ठेवीन,” केरबा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी अनोळखी फोन आला. “काका, तुम्हाला बक्षीस लागलंय. कार्डाचा नंबर आणि मोबाइलवर आलेले आकडे सांगा.”

“सांगता येणार नाही.”

“असं काय करता? फार आशेने फोन केलाय.”

केरबाचा जीव कळवळला. “सांगायला बंदी आहे हो. लिहून पाठवलं तर चालेल?”

चाललं. कार्डावरचे दोन हजार गेले.

तायवाडे बाईंनी कपाळाला हात लावला. जुनं कार्ड बंद केलं, नवं दिलं. “आकडे तुम्हीच दिलेत, हे पैसे मिळणं अवघड आहे. पण यापुढे कार्डावर तुम्ही न केलेला कुठलाही व्यवहार दिसला, की क्षणभर थांबू नका. लगेच फोन करा आणि म्हणा, हा व्यवहार मी केलेला नाही. मग बँक बघून घेईल.”

तेव्हापासून केरबा बांगड्या भरतानाही एक डोळा मोबाइलवर ठेवायचा. दोन-चार बांगड्या फुटल्या, पण नजर हलली नाही.

एका सकाळी तो दात घासत होता. मेसेज वाजला. कार्डावर आठ हजार चारशे रुपये जमा! केरबाने चूळसुद्धा भरली नाही. तोंडात फेस तसाच ठेवून फोन लावला.

“हा व्यवहार मी केलेला नाही!”

“अहो, हे पैसे गेलेले नाहीत, आलेत,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“आले असतील. पण मी केलंय का?”

“तुम्ही नाही केलंत, पण...”

“मग लिहा तसं!”

“म्हणजे तुम्हाला हे पैसे नकोत?”

“एक रुपयासुद्धा नको.”

चार दिवसांनी मेसेज आला. तक्रार मान्य, रक्कम विक्रेत्याला परत. केरबा धावत जाऊन पावशेर पेढे घेऊन आला.

“मशीनचे पैसे आले वाटतं?” हौसाने हरखून विचारलं.

“ते येतील गं सावकाश,” केरबा तिच्या तोंडात पेढा घालत म्हणाला. “पण कुणीतरी चोर आपल्या कार्डात आठ हजार चारशे टाकून पळत होता. बरा सापडला! सगळे परत घ्यायला लावले.”