इलायाचा पुतळा

ग्रीसच्या समुद्रात नेरेउस नावाचा एक म्हातारा जलदेव राहत असे. त्याला पन्नास मुली. सगळ्या जलपऱ्या. थोरली मानाची, धाकटी लाडाची. इलाया मात्र तिसावी. बापही तिला हाक मारताना आधी चार बहिणींची नावे घेई आणि मग तिच्या नावावर येई.

एका वर्षी जवळच्या बेटावर दुष्काळ पडला. धान्य आणायला गेलेली नाव परतताना वादळात सापडली आणि खडकांकडे ओढली जाऊ लागली. इलायाने ते पाहिले. तिने बहिणींना हाका मारल्या. एकोणपन्नास जणींनी नावेला खालून खांदे लावले आणि सगळ्यांनी मिळून ती सुखरूप काठाला आणली. इलाया दोर धरून पुढे पोहत होती, म्हणून नावेवरच्या लायकोन नावाच्या नाविकाला ती एकटीच दिसली.

बेटावर पुन्हा चुली पेटल्या. लोकांनी इलायाचा संगमरवरी पुतळा उभारायचे ठरवले. ती रोज काठावर येऊन शिल्पकारासमोर बसू लागली. एवढी नाव एकटीने कशी ओढलीस, असे लोक कौतुकाने विचारत. ती नुसती हसे. तिचे नाव कुणीही चुकत नव्हते.

एक दिवस घरी आल्यावर तिला पाठची बहीण दोरिया खांद्याला शेवाळ बांधताना दिसली. वादळाच्या दिवशी खडकावर घासून तिचा खांदा सोलवटला होता. जखम अजून ओली होती. पुतळ्याचे कळूनही तू गप्प का राहिलीस, असे इलायाने विचारले.

दोरिया म्हणाली, "तुला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, राहू दे."

इलाया तशीच मागे फिरली. काठावर लोक जमले होते. पुतळ्याचा चेहरा नुकताच पुरा झाला होता.

"नाव मी एकटीने वाचवली नाही," ती म्हणाली. "आम्ही पन्नासजणी होतो. मी पुढे होते, म्हणून दिसले. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

पन्नास पुतळ्यांपुरता दगड बेटावर नाही, असे लायकोन अवघडून म्हणाला.

इलायाने त्या चेहऱ्याकडे पाहिले. तो फार सुंदर झाला होता. तरी ती म्हणाली, "मग पुतळा नको. नेरेउसच्या लेकींना नेरीड म्हणतात. तेवढाच शब्द कोरा. त्यात आम्ही सगळ्या येतो."

शिल्पकाराने चेहरा तासून दगड सपाट केला आणि तो शब्द कोरला. तेव्हापासून नाव समुद्रात लोटताना बेटावरचे नाविक पाण्यात पन्नास फुले सोडू लागले.

पुढे हजारो वर्षांनी दुर्बिणीतून आकाश न्याहाळणाऱ्यांना समुद्रदेवाचे नाव असलेल्या नेपच्यून ग्रहाभोवती फिरणारा एक चिमुकला चंद्र सापडला. त्याला नाव देताना त्यांनी कुणा एकीला निवडले नाही. तो चंद्र आज 'नेरीड' म्हणून ओळखला जातो.

तात्पर्य: सर्वांच्या कष्टांचे श्रेय एकट्याने घेऊ नये; ते खरेपणाने वाटून दिले, तर आपला मान घटत नाही, उलट सगळ्यांचा वाढतो.